छत्रीची काडी

उर्दू शाळेत आम्ही विज्ञान शिकवतो असं कुणाला सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे विज्ञानसुद्धा उर्दूतून?" हो, विज्ञानसुद्धा उर्दूतून. बालभारती मराठीची पुस्तकं छापते तशीच उर्दूचीही छापते. दहावीच्या पुस्तकातला 'अवकाश मोहिमा' हा धडा मराठी मुलांना आहे, तोच आमच्या मुलांना आहे. मराठी मुलं ज्याला कृत्रिम उपग्रह म्हणतात त्याला आमची मुलं 'मस्नूई सय्यारा' म्हणतात, एवढाच फरक. २०२५ च्या जुलैत त्याच नावाचा सिनेमा आला आणि वर्गात 'सय्यारा' हा शब्द उच्चारणं अवघड होऊन बसलं. आम्ही फळ्याकडे वळून शब्द लिहायचो आणि पाठीमागे बाकांवर खसखस पिकायची.

आणखी एक खुलासा आधीच करून टाकतो. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो यात मोठेपणा काही नाही. घरातल्या बोलीत लहानपणापासून 'हम' म्हणायची सवय, त्यामुळे मराठीत लिहायला बसलं की 'आम्ही'च येतं. आज जे सांगायचं आहे त्यात तर मोठेपणा मुळीच नाही. ती आमच्या एका चुकीची हकिकत आहे. पण ती सांगायची तर बंगळूर आणि कॅलिफोर्निया इथं दीड वर्ष चाललेल्या एका कामाची हकिकतही सांगावी लागेल, कारण आमची चूक आम्हाला त्या कामामुळे कळली.

आम्ही कळंब्यात राहतो. कळंबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी तुरुंग आठवतो आणि मग तलाव. जोराच्या पावसात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की कोल्हापूरची माणसं तो बघायला येतात, कणसं खातात, परत जातात. पंचगंगेचं पाणी मात्र आमच्यापर्यंत येत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दुसऱ्या पुरानंतर नदीकाठचं एक कुटुंब आमच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलं. घरातला कर्ता माणूस छत्र्या दुरुस्त करतो. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. त्यांची मुलगी आमच्या शाळेत आली. अबोल, पण हात चलाख. शिसपेन्सिलचं टोक मोडलं तर वर्गातली निम्मी मुलं तिच्याकडे जायची.

२०२३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत 'निसार'च्या बातम्या येऊ लागल्या. नासा आणि इस्रो या दोन संस्थांनी मिळून बांधलेला, पृथ्वीवर नजर ठेवणारा उपग्रह. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दोघांत करार झाला होता. त्यावर दोन रडार बसवायची होती. एक अमेरिकेचं, एक अहमदाबादच्या केंद्रात तयार झालेलं. अहमदाबादचं रडार २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाला गेलं, तिथं अमेरिकेच्या रडारशी जोडलं गेलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये दोन्ही मिळून बंगळूरला आली. २०२४ च्या सुरुवातीला उड्डाण होणार, असं तेव्हा जाहीर झालेलं होतं.

आठवीच्या वर्गाला आम्ही रडार समजावून सांगितलं. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि मध्ये ढग असला तर त्याला ढगच दिसतो. रडार स्वतःच लहरी पाठवतं आणि त्यांचा परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं. या लहरी ढगातून आरपार जातात, रात्रीही काम करतात. शांत पाण्यावर पडलेल्या लहरी आरशावर पडल्यासारख्या दुसरीकडे निघून जातात, परत येत नाहीत, म्हणून रडारच्या चित्रात पुराचं पाणी काळं दिसतं. पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलंच असतं, त्यामुळे पुराच्या दिवसांत साध्या कॅमेऱ्यापेक्षा रडार कामाचं. भारताचा 'रिसॅट-१' हा रडार-उपग्रह २०१२ मध्येच वर गेला होता, पण निसारची ताकद मोठी. पृथ्वीची जवळपास सगळी जमीन तो दर बारा दिवसांत दोनदा पाहणार आणि जमीन काही सेंटिमीटर हलली तरी ते त्याला कळणार.

हे सांगताना ती मुलगी एकटक बघत होती. नंतर म्हणाली, "टीचर, मतलब हमारा घर पानी में था, तब ये रहता तो इसकू दिखता?" आम्ही म्हणालो, "दिखता."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. निसारचंच प्रतिरूप करायचं ठरलं. या उपग्रहाची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे त्याचा अँटेना. सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तारांच्या जाळीचा, १२ मीटर व्यासाचा. एवढा मोठा अँटेना रॉकेटच्या टोपणात मावणार कसा? म्हणून तो मिटून ठेवायचा आणि वर गेल्यावर ९ मीटर लांबीच्या हाताच्या टोकाला छत्रीसारखा उघडायचा. छत्री म्हटल्यावर वर्गातल्या सगळ्या माना एकाच मुलीकडे वळल्या.

चाचांनी एक जुना लांब दांड्याचा सांगाडा दिला, आठ काड्यांचा. कुणाच्या तरी आपाच्या लग्नातल्या ओढणीची सोनेरी जाळी मिळाली. उपग्रहाचं अंग पुठ्ठ्याचं, सौर पट्ट्यांना चमकी कागद. प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना ती आमच्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "टीचर, ये एक काडी अटकती. पाँच बार खोले तो एक बार. अब्बा बोले, तार बदलना पडता."

आमच्यापुढे तेव्हा उर्दू-मराठी दोन्ही लिपींतले फलक लिहायचे होते, दोघांनी त्यांची भाषणं पाठ केलेली नव्हती, आणि जाळी एकदा शिवून झाली होती. काडी बदलायची तर जाळी उसवायला लागणार. आम्ही मान वर न करता म्हणालो, "चालतंय की."

कोल्हापुरात राहणाऱ्याला या दोन शब्दांची किंमत सांगायला नको. आमच्याकडे चालत नाही असं काही नसतंच. चहात साखर कमी, चालतंय की. बस उशिरा, चालतंय की. हे शब्द प्रेमाचे आहेत, पाहुण्याला घरात घेणारे आहेत. पण ते कुठं म्हणायचे नाहीत हे मात्र आम्ही शिकलेलो नव्हतो.

पुढं काय झालं हे वाचकांनी ओळखलंच असेल. परीक्षक आमच्या टेबलासमोर उभे राहिले. अँटेना उघडण्याचं काम तिचं होतं. तिनं दांड्यावरचा खटका सोडला, सात काड्या उघडल्या, आठवी अडकली. तिनं पुन्हा मिटून उघडली. काडीचं टोक जाळीत शिरलं आणि ओढणी टर्रकन फाटली. परीक्षक सभ्य होते. "छान कल्पना आहे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. परतीच्या बसमध्ये एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "इसीने तोडी." दोघं-तिघं हसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि आम्ही गप्प बसलो.

खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हाला बरंच वाटलं. कुणी तरी दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. थकलेल्या माणसाला एवढं पुरतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीनं वर्गात हात वर करणं बंद केलं. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पण आपणहून काही नाही. आम्ही स्वतःची समजूत घातली, वय आहे, होईल ठीक. हेही एक प्रकारचं 'चालतंय की'च.

मार्च २०२४ मध्ये बातमी आली की निसारचं उड्डाण लांबणीवर पडलं. वर्गात भिंतीवर आम्ही त्याचा तक्ता लावला होता. मुलांनी विचारलं, "टीचर, फेल हो गया?" आम्हालाही तसंच वाटलं. मग घरी बसून मिळेल ते वाचलं, आणि जसजसं वाचत गेलो तसतशी आमची मान खाली गेली.

उड्डाणाआधीचे महिने म्हणजे शेवटची सजावट असते, असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. उपग्रह बांधून झाला की त्याच्यावर संशय घेण्याचे महिने सुरू होतात. रॉकेटच्या हादऱ्यांत त्याचे सांधे टिकतील का, म्हणून त्याला हलवून बघतात. रॉकेटचा आवाजच एवढा प्रचंड, की त्या आवाजानं काही सुटेल का, हेही तपासतात. एका यंत्राच्या विजेनं दुसरं यंत्र बिघडेल का, ते बघतात. मग एका मोठ्या पेटीतली हवा काढून घेऊन, गारठवून, तापवून, अवकाशात असल्यासारखं त्याला ठेवतात. निसारची ही चाचणी बंगळूरला २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये २१ दिवस चालली. हे सगळं कशासाठी, तर ७४७ किलोमीटर उंचीवर दुरुस्ती करणारा कुणी चाचा बसलेला नाही म्हणून.

या चाचण्यांतून आणि हिशेबांतून एक गोष्ट दिसली. उड्डाणानंतर अँटेना मिटलेल्या अवस्थेत असताना, म्हणजे उघडण्याच्या आधीच, तो ठरल्यापेक्षा जास्त तापू शकतो. तापला असता म्हणजे बिघडलाच असता असं नव्हे. तापू शकतो, एवढंच. दीड अब्ज डॉलरचं काम, दोन देशांचं नाव, जाहीर झालेली वेळ, आणि हातात एक 'शकतो'. तिथं कुणी तरी 'चालतंय की' म्हणालं असतं तर त्याला कोण अडवणार होतं?

पण अँटेना काढला गेला. तो पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवला. ऊन परतवून लावेल असं खास आवरण त्याला दिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाच्या सी-१३० विमानानं तो बंगळूरला परत आला. इतकं होऊनही लगेच उड्डाण नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत कक्षेतला उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जात-येत राहतो, आणि हात व अँटेना उघडताना असा ऊन-सावलीचा खेळ नको, म्हणून ते महिनेही जाऊ दिले. इस्रोच्या बाजूनं चैत्रा राव या प्रकल्प संचालक होत्या, नासाच्या बाजूनं फिल बरेला हे प्रकल्प व्यवस्थापक. दोघांच्या घड्याळांत बारा-तेरा तासांचं अंतर. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. अशा अंतरावरून एकमेकांना 'थांबू या' म्हणणं आणि ते ऐकलं जाणं, हे आम्हाला रॉकेटपेक्षा मोठं वाटलं.

अँटेना तापेल ही शंका पहिल्यांदा कुणी बोलून दाखवली हे आम्हाला माहीत नाही. पण कुणी तरी एका टेबलाजवळ जाऊन ती बोललंच असणार. आणि त्या टेबलामागच्या माणसानं मान वर केली असणार.

मे महिन्यात आम्ही आपली घरची छत्री घेऊन चाचांकडे गेलो. निमित्त छत्रीचं. चाचा उंबऱ्याशी बसले होते आणि ती मुलगी काड्या लांबीप्रमाणे निवडत होती. चाचांनी छत्री दोनदा उघडली-मिटली, कानाशी नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "टीचर, बरं केलंत मे महिन्यात आणली. पाऊस पडायला लागला की सगळे एकदम येतात. छत्री पावसात बिघडत नाही. ती बिघडते कपाटात, मिटलेली असताना. पावसात फक्त कळतं."

आम्ही चमकलो. त्यांना निसारचं काही ठाऊक नव्हतं. छत्री दुरुस्त करताना त्यांना जे कळलं होतं तेच बंगळूरच्या चाचणीतून निघालं होतं.

आम्ही त्या मुलीला म्हणालो, "तू बोली थी, काडी अटकती. हम सुने नहीं. गलती हमारी थी." तिनं काड्यांवरून नजर न उचलता उत्तर दिलं, "चलता है, टीचर."

आमचेच शब्द आमच्याच वर्गात शिकून तिनं परत केले होते. आम्ही एवढंच म्हणू शकलो, "नहीं चलता." चाचांनी एकदा तिच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. छत्रीचे पैसेही घेतले नाहीत. आम्ही ते मुद्दाम दिले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही एक वही केली. बी.एड.ला असताना पाठ टाचण लिहायला शिकलो, शैक्षणिक साधनं करायला शिकलो, सूक्ष्म अध्यापन शिकलो. मुलाची शंका पूर्ण होईपर्यंत ऐकून कशी घ्यायची, याचा तास बहुतेक आमच्या गैरहजेरीत झाला असावा. वहीवर लिहिलं 'अटकी हुई काडी'. ती वर्गाच्या खिडकीत ठेवली. कुणाचं काही अडत असेल तर लिहायचं, नाव लिहायची गरज नाही. ज्या शंकेचं निरसन होईल तिच्यावर रेघ मारायची.

पहिल्या महिन्यात भलतंच आलं. 'तिसऱ्या बाकावरून फळ्याचा कोपरा चकाकतो.' 'टीचर जलदी पुसते.' 'डबे की छुट्टी में नल को पानी नहीं.' आम्ही खिडकीला पडदा लावला, फळा हळू पुसू लागलो, नळाचं मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. रेघा पडू लागल्या, तसं मुलांना वही खरी वाटू लागली. निसारचं प्रतिरूप पुन्हा करायला घेतलं, पण या वेळी तारीख न ठरवता. काडी बदलली. चाचांच्या सांगण्यावरून जाळी काड्यांना शिवण्याऐवजी कडीत अडकवली, म्हणजे पुढं काही बिघडलं तर उसवायला नको. मुलांनी उघडमीट करून मोजणी ठेवली. पंचवीस वेळा न अडकता उघडली तर पास, असं त्यांनीच ठरवलं. तेविसाव्या वेळी अडकली तेव्हा एकानं सुचवलं, "पच्चीस लिखते, कौन देखता?" बाकीच्यांनीच त्याला गप्प केलं. पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली.

भिंतीवर आम्ही निगार शाजी यांचं चित्र लावलं होतं. तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या शेतकरी घरातल्या, १९८७ मध्ये इस्रोत गेलेल्या. २०१६ मध्ये वर गेलेल्या 'रिसोर्ससॅट-२ए' या पृथ्वी-निरीक्षण उपग्रहाच्या त्या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या, आणि २०२३ च्या 'आदित्य-एल१'च्या प्रकल्प संचालक. मुलींना ते चित्र आवडायचं. शेजारी अब्दुल कलामांचं होतंच, ते कुठल्या शाळेत नसतं?

ऑगस्टमध्ये मुलांना आम्ही कलामांची एक गोष्ट सांगितली, जी ते स्वतःच भाषणांतून सांगायचे. १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोट्याला एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण. कलाम प्रमुख. शेवटच्या घटकेला संगणकानं मोजणी थांबवली. नियंत्रण यंत्रणेत गळती दिसत होती. तज्ज्ञ म्हणाले, इंधन पुरेसं आहे, हरकत नाही. कलामांनी संगणक बाजूला सारून रॉकेट सोडलं. पहिला टप्पा नीट गेला, दुसरा भरकटला, आणि सगळं बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकार जमले होते. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन कलामांना सोबत घेऊन गेले आणि अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेऊन बोलले. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झालं, तेव्हा मात्र धवन म्हणाले, आज पत्रकारांसमोर तुम्ही बोला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही खूश. तास चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी वहीत एक ओळ होती. सुंदर उर्दू अक्षर, पण त्या मुलीचं नव्हे. 'नुमाइश के दिन बस में टीचर को बोलना चाहिए था.'

आम्ही ती ओळ कितीदा वाचली कुणास ठाऊक. चाचांच्या उंबऱ्यावर माफी मागून आपण मोकळे झालो, असं आम्हाला वाटत होतं. पण तिच्यावर ठपका आला होता बसमध्ये, सगळ्यांसमोर. माफी मात्र आम्ही एकांतात मागितली होती. धवन साहेबांनी कलामांना खोलीत बोलावून 'चूक माझी' म्हटलं असतं आणि बाहेर पत्रकारांसमोर गप्प बसले असते, तर ती गोष्ट कुणी सांगितली असती का?

त्या तासाला आम्ही पुस्तक उघडलं नाही. वर्गासमोर उभं राहून सांगितलं, की गेल्या वर्षी अँटेना फाटला तो तिच्या हातून नव्हे. तिनं दोन दिवस आधी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. बसमध्ये तिला बोल लागला तेव्हाही आम्ही गप्प बसलो. चाळीस मुलांसमोर हे बोलताना आवाज कापला हे कबूल करतो. बी.एड. झालेल्या माणसाला आपला आब राखण्याची मोठी काळजी असते. बोलून झाल्यावर वर्ग शांत होता. मग बसमध्ये ओरडलेला मुलगा उभा राहिला आणि काही न बोलता खाली बसला. त्याला तेवढंच जमलं. ती मुलगी बाकावर नखानं रेघोट्या ओढत होती. वहीतल्या त्या ओळीवर रेघ मात्र आम्ही मारली नाही. ती मारायचा हक्क आमचा नव्हता. तीन-चार दिवसांनी कुणी तरी पेन्सिलीनं मारलेली दिसली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका साध्या तासाला, घर्षणाच्या उदाहरणात आम्ही चुकलो तेव्हा तिचा हात वर झाला. "टीचर, ऐसा नहीं." आम्ही खडू तिच्या हातात दिला.

मे २०२५ मध्ये निसार बंगळूरहून श्रीहरिकोट्याला गेला. ३० जुलैला, बुधवारी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी उड्डाण होतं. शाळा सुटलेली, पण वर्ग भरलेला. मुलं आता दहावीत होती. एका मोबाइलभोवती सगळी डोकी. बाहेर पाऊस. जीएसएलव्ही-एफ१६ उठलं, धुराचा लोट दिसला, मुलं ओरडली. जवळपास २४०० किलोचा सय्यारा कक्षेत सुखरूप सुटला तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं, अजून टाळ्या राखून ठेवा, अँटेना उघडायचा आहे. मुलांनी मान डोलावली. त्यांना हे कळत होतं. त्यांनी पंचवीस वेळा मोजलं होतं.

१५ ऑगस्टला कक्षेत निसारचा अँटेना पूर्ण उघडला. बातमी आम्हाला नंतर वाचायला मिळाली. झेंडावंदनाच्या दिवशी तो उघडला हे मुलांना विशेष वाटलं. दीड वर्ष उशीर झाला म्हणून आता कुणी त्याला फेल म्हणत नव्हतं.

त्या आठवड्यात ती मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली. म्हणाली, लिहिलंय ते वाचा. लिहिलं होतं, 'सय्यारा बारह दिन में दो बार आता है. हमारे घर में पानी एक रात में आया था. जिस रात आएगा, उस रात सय्यारा ऊपर नहीं रहा तो?'

दोन वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं, तेव्हा आम्ही बेधडक 'दिखता' म्हणून मोकळे झालो होतो. हाही एक निष्काळजीपणाच होता. या वेळी आम्ही तिला बसवून सांगितलं, की तुझं म्हणणं बरोबर आहे. त्या रात्री तो वर असेलच असं नाही. जगात असे आणखीही रडार-उपग्रह आहेत, एकाचं राहिलं तर दुसऱ्याला दिसेल, पूर कुठवर पसरला ते त्यांच्या चित्रांवरून कळतं, जमीन पाण्यानं किती भरलेली आहे याचा अंदाज येतो. पण रात्री दार ठोठावून 'उठा, पाणी आलं' असं सांगण्याचं काम सय्यारा करत नाही. ते अजून माणसांनाच करावं लागतं, आणि ज्याला सांगितलं त्यानं ऐकावं लागतं.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "तो ये लकीर मत मारो, टीचर."

प्रतिरूप वर्गातल्या कपाटावर उघडंच ठेवलं आहे, मिटून ठेवायला आता कुणाचा जीव होत नाही. अडकणारी ती जुनी काडी आमच्या टेबलाच्या खणात आहे. आणि वहीतली तिची ओळ तशीच आहे. तिच्यावर रेघ मारलेली नाही.